जॉर्ज एव्हरेस्ट पॉइंट, हाथीपांव आणि आजूबाजूची गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसूरीला निघालेल्या ओळखीतल्या माणसांचे फोन येतात तेव्हा माल रोड आणि कैम्पटी धबधबा सोडून "आणखी काय बघू?" हा प्रश्न असतोच. माझं उत्तर एकच असतं: पश्चिमेच्या टोकाला हाथीपांव आहे, जॉर्ज एव्हरेस्ट पॉइंट तिथलाच, तिथे एक दिवस ठेवा. त्यानंतर जे उपप्रश्न येतात ते इथे एकत्र लिहून ठेवलेत.

एव्हरेस्ट पॉइंटवरून एव्हरेस्ट दिसतं का?

नाही. एव्हरेस्ट तिथून सुमारे ९०० किलोमीटर लांब, नेपाळच्या पूर्व भागात आहे. वर पोचल्यावर उत्तरेकडच्या कुठल्याही पांढऱ्या टोकाकडे बोट दाखवून "ते बघ एव्हरेस्ट" म्हणणारा एक तरी बाप दर रविवारी भेटतो. मुलं खूश होतात, मोडता कशाला घालायचा म्हणून मी गप्प बसतो. पण तुम्ही आता वाचलंय, तेव्हा तुम्हाला सवलत नाही.

मग नाव कशावरून?

डोंगराच्या कुशीत जे लांबट, पांढरं घर आहे त्याच्या मालकावरून. जॉर्ज एव्हरेस्ट हा १८३० ते १८४३ या काळात भारताचा सर्व्हेयर जनरल, म्हणजे देश मोजणाऱ्या खात्याचा प्रमुख होता. १८३२ मध्ये त्याने ही पार्क इस्टेट विकत घेतली आणि घर व कचेरी दोन्ही इथेच थाटलं. कचेरी इतक्या उंचावर आणि आडबाजूला असणं सरकारला पसंत पडलं नाही, त्यामुळे कामकाज खाली डेहराडूनला हलवावं लागलं. सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय डेहराडूनला आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

त्याच्या आडनावाचा उच्चार त्याच्या घरात 'ईव्ह-रेस्ट' असा होता. आपण सगळे, आणि सगळं जगच, दोनशे वर्षं चुकीचा उच्चार करतोय. आता तो दुरुस्त करायला गेलो तर टॅक्सीवाला भलतीकडेच नेईल, तेव्हा असू द्या.

जगातलं सर्वांत उंच शिखर त्याने शोधलं ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे. तो १८४३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेला. त्या शिखराची गणितं त्यानंतर झाली. कागदावर त्याचं नाव नुसतं 'शिखर १५' होतं. निरीक्षणांच्या आकडेमोडीत मोठा वाटा होता राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा. एव्हरेस्टनेच १८३१ मध्ये या अठरा वर्षांच्या पोराला नोकरीवर घेतलं होतं. १८५२ च्या सुमाराला हिशेब लागला आणि १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ या पुढच्या सर्व्हेयर जनरलने उंची जाहीर केली: २९,००२ फूट. आजची मान्य उंची ८,८४८.८६ मीटर. म्हणजे शंभराहून अधिक मैलांवरून, कोनमापक रोखून, बोटांनी आकडे मांडून काढलेल्या उंचीत फरक पडला तो जेमतेम नऊ मीटरांचा.

शिखराला एव्हरेस्टचं नाव द्यावं हा आग्रह वॉचा. खुद्द एव्हरेस्टने कुरकुर केली होती. आपलं नाव हिंदुस्तानातल्या लोकांना नीट उच्चारता येणार नाही असं त्याचं म्हणणं. १८६५ मध्ये नाव पक्कं झालं, १८६६ मध्ये तो वारला.

त्याने घरासाठी हीच जागा का निवडली?

हवा हे एक कारण असेलच. पण खरं कारण कळायला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं लागतं. लोक वर येतात आणि हिमशिखरांकडे बघत राहतात. या जागेची गोष्ट मात्र पाठीमागे, खालच्या मैदानात आहे.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ एक पायारेषा (जमिनीवर काटेकोर मोजलेली सरळ रेघ) मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजायला सुरुवात केली. त्या जाळ्याचा कणा म्हणजे कन्याकुमारीपासून सरळ उत्तरेकडे जाणारी रेघ, 'ग्रेट आर्क'. सुमारे २,४०० किलोमीटर. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांच्या खांद्यावरून टेकडी टेकडीवर चढवायचं, दूरच्या खुणेवर रोखायचं, कोन घ्यायचा, पुढे सरकायचं. दख्खनमध्ये टेकड्या होत्या, ते बरं. गंगा-यमुनेच्या सपाटीत पोचल्यावर टेकडीच नाही, वर धूळ आणि धुकं. मग एव्हरेस्टने विटा-दगडांचे उंच मनोरे बांधून घेतले आणि रात्री दिवे पेटवून त्यांच्यावर नेम धरला. १८३४-३५ मध्ये डूनच्या खोऱ्यात एक पायारेषा प्रत्यक्ष मोजून सगळी गणितं पडताळली गेली. रेघेचं उत्तर टोक टेकलं ते बेनोगच्या डोंगरावर. एव्हरेस्टच्या घरासमोरच्या अंगणातून पश्चिमेला बघितलं की झाडीने भरलेला जो डोंगर दिसतो, तोच.

आता आपल्या घरची गोष्ट. ही रेघ आपल्या विदर्भातून आलेली आहे. लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला निघाला असताना २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटला वारला. एव्हरेस्टने काम हाती घेतलं ते त्यानंतर. म्हणजे हाथीपांवच्या माथ्यावर उभा असलेला वर्ध्याचा माणूस एका अर्थी आपल्याच गावाहून आलेल्या रेघेच्या शेवटच्या टोकाशी उभा असतो. मला हे कळलं तेव्हा मी नकाशा काढून बोट फिरवलं होतं; हिंगणघाट आणि हा डोंगर जवळजवळ एकाच सरळ उभ्या रेषेत येतात.

डोंगर चुनखडीचा आहे म्हणतात. सह्याद्रीत फिरणाऱ्याला फरक जाणवतो का?

पहिल्या दहा मिनिटांत. आपला पाय काळ्या कातळाला सरावलेला. सह्याद्रीचा कातळ लाव्हाचा, थरावर थर, पायऱ्या पाडल्यासारखा. इथला दगड निळसर करडा, फुटला की कडा सुरीसारख्या, आणि त्यावर पांढऱ्या शिरा; जणू कुणी खडूने रेघोट्या ओढल्यात. या शिरा कॅल्साइटच्या. पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथे दगडावर बारीक खाचा पडलेल्या दिसतात, कारण पावसाच्या पाण्यातली सौम्य आम्लता चुनखडीला हळूहळू विरघळवते. बेसॉल्टवर असं होत नाही.

वयाचा हिशेब तर चक्रावणारा. भूवैज्ञानिक या खडकांना 'क्रोल' समूह म्हणतात. उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी ते साचले, साधारण ५५ ते ६० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे मासेसुद्धा जन्माला यायच्या आधी. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटींचा. पुढे भारताची भूमी आशियाला धडकली आणि हा समुद्रतळ दुमडत, ढकलला जात दोन हजार मीटर वर आला.

खिशात लिंबू असेल तर एक गंमत करून बघा. दगडाच्या ताज्या फुटलेल्या पांढऱ्या शिरेवर दोन थेंब पिळा आणि कान जवळ न्या. बारीक बुडबुडे येतात, अगदी हलकी चुरचुर ऐकू येते. थोडं बाजूला त्याच रंगाच्या दुसऱ्या दगडावर पिळलं तर काहीच होत नाही. तो डोलोमाइट, मॅग्नेशियमवाला भाऊ. दोन्ही इथे शेजारी शेजारी नांदतात.

चुनखडीचा आणखी एक परिणाम घराशीच दिसतो. असला दगड पाणी वर ठेवत नाही, फटींतून पोटात घेतो आणि खाली कुठेतरी झऱ्याच्या रूपाने सोडतो. त्यामुळे माथा कोरडा आणि पायथा ओला. एव्हरेस्टच्या घराबाहेर जमिनीखाली पाण्याची खोल टाकी आहे ती त्यासाठीच. आपल्या गडांवरची टाकी आठवा. गरज तीच, दगड वेगळा.

काही उतार खरवडल्यासारखे दिसतात. दरड कोसळली आहे का?

काही ठिकाणी दरड, पण बरेच ओरखडे खाणींचे आहेत. इथली चुनखडी फार शुद्ध. पोलाद, रसायनं, साखर कारखाने अशी सगळीकडून मागणी. विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरुंग लावून डोंगर फोडले गेले. झाडं गेली, मलबा ओढ्यांत उतरला, झरे आटले. हे वर सांगितलेल्या पोटातल्या पाण्याशी जोडून बघा: दगड काढला म्हणजे पाण्याची टाकीच फोडली.

१९८३ मध्ये डेहराडूनच्या 'रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. मार्च १९८५ च्या आदेशात खाणींची वर्गवारी झाली, मसूरी नगरपालिकेच्या हद्दीतल्या खाणींना चाप बसला आणि १९८८ मध्ये अंतिम निकाल आला. पर्यावरणाचा प्रश्न थेट केंद्रस्थानी असलेला देशातला हा सुरुवातीचा मोठा खटला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो 'डून व्हॅली केस' म्हणून पाठ असतो. १९८९ मध्ये डून खोरं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालं.

उघडे पडलेले उतार पुन्हा हिरवे करण्याच्या कामात प्रादेशिक सेनेची एक पर्यावरण बटालियनही होती: गढवाल रायफल्सची १२७ इन्फंट्री बटालियन, १९८२ ची. बहुतेक सैनिक त्याच डोंगरांतले, सैन्यातून निवृत्त झालेले. आज जिथे झाडी दाट पण सगळी झाडं एकाच वयाची दिसतात, तिथे समजायचं की ती लावलेली आहेत.

लांबीधारची खाण भुताटकीची आहे, तिथे हजारो मजूर मेले, हे खरं का?

हाथीपांवच्या जवळच ही बंद पडलेली खाण आहे. इंटरनेटवर पन्नास हजार मृत्यूंची गोष्ट फिरते. एवढी माणसं मेली असती तर आजूबाजूची गावंच्या गावं ओस पडली असती आणि वर सांगितलेल्या खटल्यात त्याचा उल्लेख सगळ्यांत आधी आला असता. माझ्या मते ही निव्वळ थाप आहे. चुन्याच्या धुळीने फुप्फुसं खराब होतात हे मात्र खरं आहे आणि त्यासाठी भूत लागत नाही. जागा बघायला हरकत नाही. सैल दगडांच्या कडेला मात्र जाऊ नका.

वरून नक्की काय दिसतं?

घरापासून माथ्यापर्यंत अर्ध्या तासाची खडी पायवाट आहे, वर रंगीत पताका फडफडत असतात. दक्षिणेला डूनचं अख्खं खोरं, मधोमध डेहराडून, पलीकडे शिवालिकची बुटकी रांग. उत्तरेला अगलाड नदीचं खोरं, त्याच्या मागे एकामागून एक निळ्या रांगा आणि सगळ्यांत मागे बर्फ. बंदरपूंछ (६,३१६ मीटर) चटकन ओळखू येतं. स्वच्छ दिवशी स्वर्गारोहिणी आणि पूर्वेकडे केदारनाथाच्या बाजूची शिखरं. एकाच जागी उभं राहून एका खांद्यावर मैदान आणि दुसऱ्यावर हिमालय, अशी ही धार आहे. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर दरी एकीकडेच असते, इथे दोन्हीकडे.

'विंटरलाइन' हा काय प्रकार आहे?

हिवाळ्यात मसूरीत मुक्काम असेल तर ही गोष्ट चुकवू नका. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, सूर्यास्ताच्या वेळी, पश्चिमेच्या आकाशात क्षितिजाच्या वर एक दुसरंच क्षितिज उमटतं. खाली राखाडी-जांभळा पट्टा, वर केशरी, आणि दोहोंमध्ये पट्टी लावून आखल्यासारखी सरळ रेघ. सूर्य खऱ्या क्षितिजापर्यंत पोचतच नाही. या रेघेमागेच बुडतो. पहिल्यांदा बघताना वाटतं की लांबवर समुद्र आहे. कोकणातल्या माणसाला तर शंभर टक्के वाटतं.

कारण असं: थंडीत मैदानावरची हवा तळाशी गार होऊन बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. धूळ, धूर, बाष्प सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. आपण झाकणाच्या वर उभे असतो, म्हणून त्याची कड आडवी दिसते. थोडक्यात, खालच्यांना ज्याने खोकला येतो त्याचा वरच्यांना फोटो मिळतो. हाथीपांवची धार पश्चिमेकडे उघडी असल्यामुळे इथून ती झकास दिसते. पण सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांत थंडी हाडात शिरते. स्वेटर गाडीत ठेवून वर येणाऱ्यांची फजिती मी पाहिली आहे, त्यांत मीही होतो.

जायचं कधी?

शिखरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर. बुरांशच्या लाल फुलांसाठी मार्च-एप्रिल. मे-जूनमध्ये अख्खी दिल्ली वर आलेली असते, गाड्यांच्या रांगा लागतात, आणि धुरकट हवेत बर्फ दिसत नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवागार, पण रस्ते दरडींच्या भरवशावर. जानेवारीत बर्फ पडला तर मजा, पण हाथीपांवचा रस्ता सावलीत असल्याने निसरडा होतो. वार कोणताही धरा, शनिवार-रविवार सोडून.

पोचायचं कसं आणि चालावं किती लागतं?

मुंबई-पुण्याहून विमानाने किंवा दिल्लीमार्गे रेल्वेने डेहराडून. तिथून मसूरी सुमारे ३५ किलोमीटर. मसूरीच्या बस डेहराडून रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या अड्ड्यावरून सुटतात, शहराबाहेरच्या मोठ्या आंतरराज्य बस स्थानकावरून नाही. या घोळात लोकांचा तास जातो. आणखी एक बारकावा: मसूरीच्या बस दोन ठिकाणी जातात, लायब्ररी आणि पिक्चर पॅलेस. माल रोडची ही दोन टोकं. तुम्हाला लायब्ररीची बस हवी, कारण हाथीपांव त्या बाजूला आहे, साधारण सहा किलोमीटरवर.

लायब्ररी चौकातून टॅक्सी किंवा स्कूटर मिळते. ठरवताना "घरापर्यंत" की "गेटपर्यंत" हे स्पष्ट विचारा. एकदा आमचा टॅक्सीवाला फाटकाशी "बस, आ गया" म्हणून आम्हाला उतरवून हसत हसत वळला, आणि पुढची चढण सामानासकट आमच्या नशिबी आली. प्रवेशशुल्क आणि गाडी कुठवर सोडतात याचे नियम बदलत असतात, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी विचारून निघा. डेहराडूनहून किमाडी गावातून थेट हाथीपांवला येणारा एक अरुंद रस्ताही आहे. गर्दी टाळायला तो छान, पण डोंगरी वळणांची सवय असलेल्यानेच गाडी घालावी.

घरात बघण्यासारखं काय आहे?

वर्षानुवर्षं ते भिंतींवर नावं कोरलेलं पडकं घर होतं. आता दुरुस्ती होऊन तिथे सर्वेक्षण आणि नकाशांचं संग्रहालय झालंय. जुनी उपकरणं, मोजणीची पद्धत, आणि नैनसिंह रावतसारखे 'पंडित' यांची माहिती बघा. हे लोक सर्व्हेच्या कामासाठी यात्रेकरूच्या वेशात तिबेटात गेले आणि जपमाळेवर पावलं मोजत अंतरं काढत आले. माळेत १०८ ऐवजी १०० मणी, म्हणजे हिशेब सोपा. दुरुस्तीने घर जरा जास्तच चकाचक झालंय असं माझं मत, पण पडायच्या बेतात होतं त्यापेक्षा बरं.

वाटेत आणखी काय लागतं?

लायब्ररीहून येताना हॅपी व्हॅली. १९५९ मध्ये तिबेट सोडून आलेले दलाई लामा धर्मशाळेला जाण्याआधी मसूरीत राहिले. त्यांच्यासोबत आलेल्या लोकांची वस्ती, शाळा आणि छोटं देऊळ इथे आहे. त्याच भागात लालबहादूर शास्त्री प्रशासन अकादमी, जिथे आयएएस झालेली आपली पोरं प्रशिक्षणाला येतात. आत सोडत नाहीत. फाटकाबाहेर फोटो काढणारे पालक मात्र पुष्कळ दिसतात.

क्लाउड्स एंड आणि बेनोग बघायला वेगळा दिवस हवा का?

अर्धा पुरतो. क्लाउड्स एंड हे १८३८ च्या सुमाराचं जुनं घर, आता हॉटेल. नावाप्रमाणे तिथे मसूरी संपते आणि बांज-देवदारांचं रान सुरू होतं. पुढे बेनोग अभयारण्य आणि डोंगरावर ज्वालादेवीचं मंदिर. पक्षी बघणाऱ्यांनी पहाटे जावं.

या रानाशी एक हुरहूर जोडलेली आहे. हिमालयन क्वेल नावाचा डोंगरी लावा १८६० च्या दशकात याच बेनोग आणि भद्राजच्या गवताळ उतारांवर शिकाऱ्यांना मिळाला होता. त्याची शेवटची खात्रीशीर नोंद १८७६ ची, नैनितालची. त्यानंतर दीडशे वर्षं कुणाला दिसला नाही. तरी अभयारण्य त्याच्याच नावाने ओळखलं जातं, आणि गवतातून काही फुर्रकन उडालं की पक्षीवाल्यांचा श्वास अजून अडकतो.

भद्राज म्हणजे काय?

आणखी पश्चिमेला, दुधली गावाच्या डोंगरावरचं देऊळ. देव म्हणजे बलभद्र, कृष्णाचा थोरला भाऊ. गुरं राखणाऱ्यांचा हा देव. आपल्याकडे धनगरांचा बिरोबा असतो तसा. नैवेद्य दूध, लोणी, तूप. म्हैस व्याली की पहिलं दूध-तूप देवाला. ऑगस्टच्या मध्याला जत्रा भरते, जौनपूर, जौनसार (हे दोन्ही इथलेच डोंगरी भाग) आणि डून अशा तिन्ही बाजूंनी लोक चढून येतात. क्लाउड्स एंडहून धारेधारेने चालत जाता येतं, पण तो पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे. पाणी सोबत घ्या; माथा कोरडा असतो हे वर सांगितलंच आहे.

आजूबाजूची गावं कशी आहेत? मुक्काम करता येतो का?

मसूरी शहर इंग्रजांनी १८२०च्या दशकात वसवलं. नाव पडलं इथल्या 'मन्सूर' नावाच्या झुडपावरून. गावं त्याच्या कितीतरी आधीची. डेहराडूनच्या रस्त्यावर क्यारकुली-भट्टा आहे, तिथे घरगुती मुक्कामाची सोय होते. उत्तरेच्या उतारावर टिहरी जिल्ह्यातला जौनपूर भाग लागतो. कैम्पटी त्यातलंच एक गाव. 'कॅम्प-टी'वरून नाव पडलं असं गाइड सांगतात. मला ते साहेबाला खूश करायला रचलेलं वाटतं. धबधब्याखालची गर्दी बघून गाव कसं आहे याचा अंदाज बांधू नका. खाली अगलाडच्या काठाने गेलं की पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि कोरीव लाकडी चौकटींची घरं दिसतात.

जूनच्या अखेरीला याच अगलाडमध्ये 'मौण' नावाचा मेळा होतो. तिमूर या काटेरी झाडाच्या सालीची पूड गावोगावी आधीपासून कुटून ठेवतात, ढोल वाजवत नदीवर नेतात आणि प्रवाहात ओततात. तिच्याने मासे काही वेळ गुंगतात आणि हजारो माणसं जाळी, टोपल्या, नुसते हात घेऊन पाण्यात उतरतात. न पकडलेले मासे थोड्या वेळाने शुद्धीवर येतात. हे तिमूर आपल्या कोकणातल्या तिरफळाचा चुलतभाऊ. वास घेतलात तर बांगड्याच्या तिखल्याची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. इकडे लोक त्याच्या काडीने दातही घासतात.

दिवाळीनंतर महिन्याभराने गेलात तर जौनपूर-जौनसारमध्ये पुन्हा दिवाळी सापडेल. तिला बूढी दिवाळी म्हणतात.

जेवणाचं काय?

पॉइंटवर मॅगी आणि चहा. गावात राहिलात तर खरं जेवण. मराठी माणसाची तिथे जराही अडचण होत नाही: मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ, झंगोरा भगरीच्या जवळचा. नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी. कोकणात बसल्यासारखं वाटतं. पाट्यावर वाटलेलं हिरवी मिरची-लसणाचं मीठ, पिस्यूं लूण, काकडीला लावून खा. डबीत भरून घरीही आणा.

म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर?

घरापर्यंत जातील. माथ्याची वाट सैल दगडांची आहे, कठडा सगळीकडे नाही. गुडघे दुखत असतील तर अंगणातल्या कठड्यावर बसावं. दक्षिणेचा देखावा तिथूनही पुरतो.

एक जादा दिवस आहे. कुठे जाऊ?

सहस्त्रधारेला सगळे पाठवतात. तिथेही चुनखडीचीच करामत आहे: दगडातून झिरपणारं पाणी चुना सोडत जातं आणि पागोळ्यांसारखे थर बनतात. पण मी कालसीला जाईन. कैम्पटीवरून यमुना पुलाकडे उतरायचं, तिथून नदीच्या कडेने. कालसीला अशोकाचे चौदाही लेख एका प्रचंड पाषाणावर कोरलेले आहेत. ते १८६० मध्ये लोकांसमोर आले. आपल्या सोपाऱ्याला याच मालिकेतल्या दोन लेखांचे तुकडे तेवढे सापडले. इथे संपूर्ण मजकूर आहे. दगडाच्या एका बाजूला रेघांनी काढलेला सुबक हत्ती आणि त्याच्या पायांमध्ये ब्राह्मीत अक्षरं: 'गजतमे'. हाथीपांव बघून आलेल्या माणसाने हा हत्ती बघायलाच हवा.

आठवण म्हणून दगड आणला तर चालेल का?

नको. अभयारण्याच्या हद्दीत तर नाहीच. त्यापेक्षा परत आल्यावर कधी नागपूर-हैदराबाद महामार्गाने गेलात तर हिंगणघाटला थांबा आणि लॅम्बटनची कबर विचारा. विचारताना 'इंग्रज साहेबाची कबर' म्हणा.